भावाने अमेरिकेत फिफ्थ व्हील कॅम्पर घेतलाय, पहिल्यांदा काय काय बघावं?

साखळीकर
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ टेक्सासला असतो, डॅलसजवळ. त्याने गेल्या महिन्यात सेकंडहँड फिफ्थ व्हील कॅम्पर घेतला, म्हणजे पिकअपच्या हौद्यात ज्याचं नाक बसतं तो चाकांवरचा फ्लॅट, आत बेडरूम किचन संडास सगळं. मी आणि मिसेस मेमध्ये जातोय, वहिनी धरून चौघं ग्रँड कॅनियनला जायचा बेत आहे. आता भावाने आयुष्यात साधी ट्रॉली ओढलेली नाही आणि मी तर साखळीच्या बाजारात कार लावायला घाबरतो. विकणाऱ्याने अर्ध्या तासात सगळं दाखवलं म्हणे, हा आता व्हिडिओ बघून शिकतोय. इथे कोणाला अनुभव आहे का?

घोडेवाला वास्को
कॅम्पर मी बघितला नाही पण फिफ्थ व्हील रोज बघतो. २०१२ ला मायनिंग बंद पडलं तेव्हा टिप्पर विकला आणि घोडा चालवायला लागलो, घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक हो. तुमच्या भावाकडचं त्याचंच लहान भावंड, तोच तवा (गाडीवरची जोडणीची प्लेट), त्यातला तोच पकडणारा जबडा, तीच किंग पिन (ट्रेलरच्या नाकाखालचा खुंटा).

जोडताना ट्रेलरचं नाक तव्यापेक्षा किंचित खाली पाहिजे, तवा आत सरकताना त्याला थोडं उचलतो. नाक उंच राहिलं तर पिन जबड्याच्या वरच बसते, खट्ट आवाज येतो, हँडल पण बसल्यासारखं दिसतं, माणूस खूश. आणि पहिल्या चढावर पिन सुटते. आमच्याकडे एका नवीन पोराने असा लोडेड ट्रेलर वेर्ण्याच्या चढावर रस्त्यावर बसवला होता, दोन तास ट्रॅफिक. कॅम्परचं नाक तर सरळ पिकअपच्या हौद्यावर पडणार, पत्रा चेपलाच समजा. म्हणून टॉर्च मारून बघायचं, तवा आणि वरची प्लेट यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये आणि जबडा पिनच्या मागे मिटलेला पाहिजे. मग ट्रेलरचे पुढचे पाय वर घ्यायच्या आधी, चाकांना ठोकळे असतानाच, ट्रेलरचा ब्रेक दाबून गाडी हळू पुढे ओढायची. सुटायचं असेल तर पायांवर उभा असतानाच सुटू दे ना बाबा.

वळताना मागची चाकं कोपरा खातात, आधी पुढे जायचं मग वळायचं. उतार लागला की अनमोड घाटासारखं, खाली येऊन घाबरण्यापेक्षा वरच गियर खाली टाकायचा. सतत ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ब्रेक तापून निकामी होतात.

मडगावची बाय
साखळीकर भाऊ, आम्ही तीन वर्षं अ‍ॅरिझोनात होतो, मिस्टरांनी असाच घेतला होता. मी आधी घाणीचं सांगते कारण ते कोणी धड सांगत नाही. संडासाची टाकी वेगळी, तिला ब्लॅक टँक म्हणतात, आणि बेसिन-आंघोळीच्या पाण्याची ग्रे. कॅम्पग्राउंडवर पाइप जोडला की नवा माणूस दोन्ही व्हॉल्व्ह उघडे टाकतो, आम्ही पण टाकले. पाणी निघून जातं आणि बाकीचं टाकीतच बसून सुकतं, त्याचा ढीग होतो, आणि तो उन्हाळ्यात अ‍ॅरिझोनात. मिस्टर दोन दिवस जेवले नव्हते. ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, टाकी निदान दोन तृतीयांश भरली की उघडायचा, आधी ब्लॅक मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो.

लाइट ३० अँपिअरची असेल तर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावू नका, ब्रेकर पडतो. गीझरमध्ये पाणी आहे याची खात्री केल्याशिवाय त्याचा इलेक्ट्रिक स्विच ऑन करायचा नाही, कॉइल जळते. नळाला प्रेशर रेग्युलेटर लावा. टायरवर DOT लिहिलेल्या नंबरचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. सेकंडहँड आहे ना, नक्षी नवीकोरी दिसली तरी सहा वर्षं झालेले टायर आम्ही तरी ठेवले नसते. आणि छतावरच्या एसीसकट उंची टेपने मोजून डॅशबोर्डवर चिकटवा, हे साधारण १३ फूट असतात, पेट्रोल पंपाचं छप्पर विसरायला एक सेकंद पुरतो.

पिकअप कोणती आहे पण? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालतं तो आकडा सांगा.

फुकटचा सल्लागार
ग्रँड कॅनियन राहू दे, आधी रायबंदरच्या फेरीत चढवून दाखवा 😂

साखळीकर
बाय, भावाला फोन केला. स्टिकरवर १,७८० पौंड आहे. कॅम्परच्या प्लेटवर जास्तीत जास्त ९,८०० लिहिलंय. पण विकणारा म्हणाला ही पिकअप ११ हजार आरामात ओढते.

मडगावची बाय
ओढेल हो. बैल गाडीला जुंपला तर दोन खंडी भात ओढतो, म्हणून ते त्याच्या पाठीवर लादता येतं का? फिफ्थ व्हीलच्या वजनाचा साधारण पाचवा भाग पिनवरून पिकअपच्या पाठीवर येतो. ९,८०० चा धरा १,९६०, म्हणजे तिथेच १,७८० संपले. त्यात तो तवा आणि त्याचा सांगाडा १५० च्या आसपास, आणि तुम्ही चौघं, बॅगा, लोणच्याच्या बरण्या अजून चढायच्याच आहेत. सगळं त्या १,७८० मध्येच मोजतात, ड्रायव्हर पण.

घोडेवाला वास्को
बरोबर. तो भार जवळजवळ सगळा मागच्या एक्सलवर येतो मग, तिथली स्प्रिंग दबते. मागच्या टायरची पण वाट.

साखळीकर
अरे देवा. कॅम्पर अर्धा रिकामा नेला तर?

मडगावची बाय
रिकाम्याचं वजन किती ते विचारा, पण त्यात आधीच्या मालकाने लावलेली बॅटरी, भरलेले गॅस सिलिंडर धरलेले नसतात बऱ्याचदा. अंदाज नको. हायवेला ट्रकवाले थांबतात तिथे कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात, सगळे बसून, पाणी भरून एकदा काट्यावर घाला, पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि ट्रेलर वेगवेगळा आकडा देतात. मग मोठी पिकअप घ्यायची की लहान कॅम्पर ते ठरवा.

साखळीकर
सांगितलं त्याला. पाच मिनिटं गप्प होता, मग म्हणाला शनिवारी काट्यावर नेतो. वहिनी मागून ओरडत होती की मी तेव्हाच म्हटलं होतं. देव बरें करूं सगळ्यांना, आकडे आले की टाकतो इथेच.