कसुतीचा गवंती टाका शिकताना: तुमचे अनुभव लिहा

कसुती ही भरतकामाची कला मूळची धारवाड-हुबळीकडची, पण इरकलीच्या पदरावरून आणि चंद्रकळेवरून आपल्याकडच्या कित्येक घरांत पोचलेली. गवंती, मुरगी, नेगी, मेंथी हे तिचे चार टाके. गवंती कशी शिकलात ते सविस्तर लिहा. नमुने पुस्तकात मिळतात, पण सुई कुठून कुठे न्यायची हे दाखवायला माणूस लागतं.

मी सुरुवात करते. जाताना धावदोरा, येताना त्याच भोकांतून मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. गाठ नाही, दोन्ही बाजू सारख्या. खरी परीक्षा फांद्यांची. तुळशीवृंदावन भरताना बाजूची फांदी आली की ती तिथल्या तिथे जाऊन-येऊन पुरी करायची, मगच पुढे. सासूबाई आधी कागदावर पेन्सिल न उचलता वाट काढायला लावायच्या. त्या सवयीचा फार उपयोग झाला.

*

माझी आजी बेळगावची. छापा उमटवणं तिला मान्यच नव्हतं, कापडाचे धागेच मोजायचे. काळी चंद्रकळा भरताना मांडीवर पांढरा पंचा पसरायची, म्हणजे विणीतली भोकं दिसतात. दिवेलागणीनंतर काळ्या कापडाला हात लावू द्यायची नाही.

*

मी डावखुरी. साखळी टाका, काजटाका शिकताना प्रत्येक आकृती उलटी करून बघावी लागे. गवंतीत दोन्ही दिशांनी जावंच लागतं, त्यामुळे काकूंना माझ्यासाठी वेगळं काही दाखवावं लागलं नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

*

नव्यांनी एकदम साडीवर जाऊ नका. मॅटीच्या कापडावर घरं मोजायला सोपी पडतात. दोऱ्याच्या लडीतल्या सहा पदरांतले दोनच घ्या.

*

मी न्यू जर्सीत राहते. इथल्या भरतकामाच्या वर्गात हाच टाका होल्बाइन या सोळाव्या शतकातल्या जर्मन चित्रकाराच्या नावाने शिकवला. त्याच्या व्यक्तिचित्रांत कॉलरवर, बाह्यांवर तो दिसतो. मला मात्र आईच शिकवते, व्हिडिओ कॉलवर. ती आधी मागची बाजू दाखवायला सांगते. सध्या हत्ती चालू आहे. अंबारीतला चौकोन बाहेरच्या रेषेला कुठेच टेकत नाही, तिथे दोरा कसा न्यायचा?

*

न्यायचाच नाही. सुट्या चौकोनाला वेगळा दोरा घ्या. सुरुवातीचं टोक बोटाने धरून ठेवा आणि परतीचे टाके त्याच्यावरून घ्या, दबून जातं.