गणेशोत्सव स्पर्धा: 'फिट फॅमिली'मधला मुलांचा गट

ए-१०२ (सचिव): मंडळी, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची यादी वर टाकली आहे. यंदा नवीन 'फिट फॅमिली' स्पर्धा. महिनाभरात ज्याचं वजन सगळ्यात जास्त उतरेल त्याला बक्षीस. गट दोन, १२ ते १८ आणि मोठ्यांचा. नावं रविवारपर्यंत द्या.

सी-४०१: मस्त 👏 आमच्या चिरंजीवांचं नाव घ्या. दोन महिन्यांपासून काकडी आणि उकडलेली अंडी यावरच आहेत, वर रोज टर्फवर फुटबॉल. पार बदललाय पोरगा.

बी-३०३ (डॉक्टर): दादा, मुलांचा गट काढून टाका, हात जोडून विनंती. मी बालरोगतज्ज्ञ आहे. खाण्याचे आजार (ईटिंग डिसऑर्डर), म्हणजे उपाशी राहणं किंवा खाल्लेलं उलटून काढणं सुटतच नाही असे मनाचे आजार, बऱ्याचदा अशाच एखाद्या डाएटपासून सुरू होतात.

ए-६०२: अगं, आम्ही काय कमी उपासतापास केले? काय झालं आम्हाला?

बी-३०३ (डॉक्टर): काकू, तुमची एकादशी दुसऱ्या दिवशी पारणं करून संपते. या आजारात मूल थांबायचं म्हटलं तरी थांबू शकत नाही. अन्न तुटलं की शरीर हृदयापासून काटकसर सुरू करतं. नाडी मंदावते, उभं राहिलं की अंधारी येते, भर उन्हाळ्यात हातपाय गार. पाठीवर, दंडावर बारीक लव उगवते. मुलींची पाळी थांबते, उंची खुंटू शकते. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हाडांची. हाडांची बहुतेक भर विशीच्या आतच पडते. ती वर्षं उपाशी गेली तर तूट नंतर पूर्ण भरून निघेलच असं नाही.

बी-५०१: मॅडम, नात्यातल्या एका मुलीबद्दल विचारते. वजन चार्टप्रमाणे अगदी बरोबर आहे, रक्ताचे रिपोर्टही नॉर्मल. पण जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाते आणि नळ मोठा सोडते.

बी-३०३ (डॉक्टर): ताई, तिला याच आठवड्यात दाखवा. वजन बरोबर दिसतं म्हणून धोका टळत नाही. आधी जास्त असलेलं वजन झपाट्याने उतरलं तरी हृदयावर तोच ताण येतो, आणि रिपोर्ट बराच काळ नॉर्मल येऊ शकतात. उलट्या काढत असेल तर पोटॅशियम घसरतं, त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात. कानाखाली गाल सुजतात, वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजते. कधीकधी पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरांच्याच लक्षात येतं. उलटीनंतर लगेच ब्रश नको, नुसती चूळ भरू दे. आणि रागावू नका तिला.

ए-६०२: मग माझ्याकडे पाठवा. तुपातला शिरा, डिंकाचे लाडू, आठ दिवसांत अंग धरेल.

बी-३०३ (डॉक्टर): काकू, तुमचा जीव कळतो मला. पण फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट धाडकन उतरतं. श्वास आणि हृदय दोन्ही अडचणीत येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये हे दिसलं होतं. म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत खाणं वाढवायचं. पुढे मात्र घरचं ताटच औषध. आई-बाबांनी शेजारी बसून जेवू घालणं हा उपचाराचा मोठा भाग असतो, तेव्हा तुमचे लाडू लागतीलच.

ए-६०२: बरं बाई. ही सगळी मुलीच असतात ना?

बी-३०३ (डॉक्टर): नाही. मुलगेही असतात, त्यांचं उशिरा लक्षात येतं कारण घरात कौतुक चालू असतं. सी-४०१, विचारणारच होते. आज त्याला पाच मिनिटं आडवा झोपवा आणि नाडी पूर्ण एक मिनिट मोजा.

ए-१०२ (सचिव): मुलांचा गट रद्द. मोठ्यांनाही वजनाऐवजी जिने चढायची स्पर्धा ठेवतो. कुणाला आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलतात.

सी-४०१: दोनदा मोजली. ४६. खेळाडूंची कमी असते म्हणतात ना?

बी-३०३ (डॉक्टर): असते, पण जो नीट जेवतो त्याची. दिवसा जागेपणी ५० च्या खाली, तेही इतकं वजन उतरल्यावर, म्हणजे आम्ही भरती करायचा विचार करतो. टर्फवर पाठवू नका. ईसीजी आणि रक्ततपासणी आजच. मी तुमच्याकडे वर येतेय.

ए-१०२ (सचिव): माझी गाडी गेटपाशीच आहे. तुम्ही उतरा, मी सोडतो.