प्रतिसाद: कमी बजेट आणि दुर्धर आजारावरचे फ्रेंच सिनेमे

या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की दुर्धर आजारावरचे सिनेमे म्हणजे दोन तास नुसतं रडणं, म्हणून बघवत नाहीत. मला फ्रेंच दिग्दर्शिका वालेरी दोंझेलीचा २०११ चा 'ला गेर ए देक्लारे' (इंग्रजीत 'डिक्लेरेशन ऑफ वॉर') सुचवावासा वाटतो, तान्ह्या मुलाच्या मेंदूत गाठ निघते आणि तरुण आईबाप उभे-आडवे धावत सुटतात अशी गोष्ट. दिग्दर्शिकेची आणि तिच्या पूर्वीच्या जोडीदाराची, जेरेमी एल्काइमची, स्वतःचीच ती कहाणी, दोघांनी मिळून लिहिली आणि मुख्य कामंही दोघांनीच केली, म्हणजे जे सोसलं ते परत एकदा कॅमेऱ्यासमोर जगायचं, विचार करूनच पोटात गोळा येतो. आणि कॅमेरा कुठला तर कॅननचा फोटो काढायचा डीएसएलआर! बरंचसं शूटिंग त्यावरच, तेही खऱ्या हॉस्पिटलांमध्ये, त्यामुळे ते कॉरिडॉर, ती वेटिंग रूम अजिबात सेट वाटत नाही.

सुरुवातीलाच मुलगा मोठा झालेला दिसतो, म्हणजे तो वाचलाय हे कळतं, तरी जीव टांगणीलाच राहतो. मला सगळ्यात भिडला तो रात्रीचा सीन, ऑपरेशनच्या आधी दोघं एकमेकांना आपापल्या भीती सांगत सुटतात, आंधळा झाला तर, बहिरा झाला तर, आणि मग त्यातूनच हसू फुटतं. माझ्या काकूच्या केमोच्या वेळी आम्हीपण वॉर्डाबाहेर असंच हसलो होतो, ते कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.