लेबर रूममध्ये बाईने प्रश्न विचारायचे की गप्प बसायचं?

मखमलाबादकरीण:
परवा इंदिरानगरला एका डोहाळजेवणात काकूंनी पहिलटकरणीला सल्ला दिला, "आत गेलीस की तोंड बंद ठेवायचं. मॅडमना उलटे प्रश्न विचारले की त्या चिडतात, मग आपलेच हाल." बाकीच्या बायकांनी हसून माना डोलावल्या. माझं मत साफ उलट आहे.

माझ्या वेळचं सांगते, हॉस्पिटलचं नाव नको. सिस्टरने सलाइनमध्ये काहीतरी सोडलं. कशाचं इंजेक्शन म्हणून विचारलं तर म्हणाली, "ताकदीचं." त्यानंतर कळा अशा अंगावर आल्या की मध्ये श्वास घ्यायला उसंत नाही. ते कळा वाढवायचं ऑक्सिटोसिन होतं, हे मला डिस्चार्ज कार्ड वाचून कळलं. शेवटी तर एक मावशी स्टुलावर चढून बरगड्यांखाली कोपराने पोट खाली ढकलत होत्या. पोट असं वरून ढकलू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे. सरसकट खालून कट देऊ नये, आणि आई-बाळ ठीक असतील तर पिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडण्याआधी कळा वाढवायची घाई करू नये, हेही त्यातच आहे. ऑक्सिटोसिन वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. "ताकदीचं" हे उत्तर वाईट आहे. आपल्या अंगात काय चाललंय हे विचारायला बाईने घाबरू नये, एवढंच.

डॉ. गंगापूररोड:
"ताकदीचं" म्हणणं चूकच, त्यावर वाद नाही. पण तुमचा सूर असा आहे की प्रत्येक गोष्ट विचारून, समजावून करता येते. येत नाही हो. डोकं बाहेर आलंय, खांदा आईच्या समोरच्या हाडामागे अडकलाय, बाळाचा चेहरा निळा पडतोय, हातात मोजकी मिनिटं आहेत. दोघी जणी मांड्या पोटाकडे दाबून धरतात, तिसरी ओटीपोटावर, अगदी खाली, दाब देते. बघणाऱ्याला हेही 'पोट दाबलं'च दिसतं. पण बरगडीखालचा दाब खांदा आणखी रुतवतो आणि हा खालचा दाब तो सोडवतो. नाळ आधी बाहेर घसरली तर ऑपरेशन टेबलापर्यंत कुणाचा तरी हात आत असतो, बाळाचं डोकं नाळेवरून उचलून धरलेला. तो काढून फॉर्म भरून घेऊ? जीव वाचवायला तातडीने लागेल ते संमतीवाचूनही करता येतं, हे सुप्रीम कोर्टाने समीरा कोहली खटल्यात (२००८) मान्य केलंय.

आणि नातेवाइकांचं कुणी बोलत नाही. बाळाचे ठोके घसरून ऐंशीवर आलेत, सिझर करू म्हटलं की बाहेर घरच्यांची बैठक बसते. "थोडी वाट बघा ना, नॉर्मलच होऊ दे." बाळाला काही झालं की काचा फोडायला हेच पुढे.

सातपूरचा बाप:
मॅडम, विश्वास का उडाला त्याचंही बोला. एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशभरातली सिझर खाजगीत ४७.४ टक्के, सरकारीत १४.३. खाजगीतल्या जवळजवळ निम्म्या बायकांच्या बाळांचे ठोके ऐंशीवर येतात का?

डॉ. गंगापूररोड:
नाही येत. मुहूर्त काढून सिझर मागणारेही त्यातच मोजले आहेत. पण टेबलावर झोपलेल्या एका बाईचा निर्णय त्या आकड्यावरून होत नाही.

मखमलाबादकरीण:
समीरा कोहली खटला पूर्ण सांगा ना. तिला तपासणीसाठी भूल दिलेली, ती बेशुद्ध असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं. कोर्टाने ती संमती ग्राह्य धरली नाही, कारण सज्ञान बाईचा होकार-नकार तिचा तिनेच द्यायचा असतो. मग आपल्याकडे शुद्धीत असलेल्या बाईच्या सिझरसाठी नवऱ्याची सही कशाला शोधतात? नवरा पार्किंगमध्ये गाडी लावतोय, सगळे थांबलेत, ते चालतं. बाईला सांगायला मात्र वेळ नाही! "नाळ खाली आलीय, मी डोकं धरून ठेवलंय, ऑपरेशनला नेतोय." स्ट्रेचर ढकलता ढकलता होतं हे सांगून. मी फॉर्म मागतच नाहीये.

पेठची आशा:
तुमचं दोघींचं शहरातलं चाललंय. आमच्या पाड्यावरची बाई आधी ग्रामीण रुग्णालयात, तिथून १०८ ने कोटंबी घाटातून नाशिकला सिव्हिलला. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलते. सिस्टर भराभर मराठीत विचारतात, ती नुसती मान हलवते. सोबतीला एक बाई आत राहू शकते असं केंद्राने २०१६ मध्येच सांगितलं, सरकारी लेबर रूम सुधारायच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही आहे. पण दोन खाटांमध्ये पडदा नसला की सोबतीणीलाच बाहेर काढतात.

आणि मी तिला सांगू, प्रश्न विचार म्हणून? मी गाडीने परत येते, ती तिथे एकटी. जिला राग येईल तिच्याच हातात ती रात्रभर आहे. मी आमच्या बायांना सांगते, गप रहा. फक्त रक्त जास्त जातंय, गरगरतंय असं वाटलं तर मात्र ओरड.

मखमलाबादकरीण:
ओरड, हेच तर मी म्हणतेय!

पेठची आशा:
नाही ताई. ओरडलं तर धावत येतात. जाब विचारला तर "लई शिकली का गं" ऐकावं लागतं. काकूंचा सल्ला तुम्हाला जुना वाटतो, माझ्या बायांना तो अजून लागतो.

डॉ. गंगापूररोड:
रक्ताचं ताईंनी अगदी नेमकं सांगितलं. बाळंतपणानंतर ५०० मिलीच्या वर गेलं तर तो अतिरक्तस्राव, आणि कपड्यात, चादरीत मुरलेलं रक्त डोळ्यांना नेहमी कमी वाटतं. अंगाखाली ओलं लागतंय, थंडी वाजतेय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, हे बाईने लगेच सांगावं. त्यावर कुणी चिडलं तर चिडू दे.

बाकीचं छत्तिसाव्या आठवड्यात विचारा. कट कधी देता, कळांचं इंजेक्शन कधी लावता, आत कोण चालेल. फाइलवर लिहून घ्या. कळा चालू असताना दोनच प्रश्न पुरे: बाळाचे ठोके कसे आहेत, आणि थोडं थांबलं तर काय होईल. यांना उत्तर द्यायला मी बांधील आहे. सहीबद्दल म्हणाल तर मी बाईचीच घेते, नवऱ्याची नंतर, आणि तीही भांडण नको म्हणून.

सातपूरचा बाप:
ओपीडीत खुर्च्या पुरत नाहीत. आमचा नंबर लागतो तेव्हा मॅडमचा फोन चालू. वजन, बीपी, "बरंय सगळं", पुढचा पेशंट. फाइलवर लिहून नेमकं कधी घ्यायचं?

डॉ. गंगापूररोड:
फोन संपेपर्यंत खुर्चीतून उठू नका.