५ किमी २५ मिनिटांत: पहिला किलोमीटर राखून धावावा की सोडून?

धागाकर्ता
५ किमी म्हणजे सुटलं की पळत सुटायचं, हा समज मोडायला हवा. २५ मिनिटांचं लक्ष्य म्हणजे किलोमीटरला ५:००. माझ्या मते पहिला ५:०५, मधले तीन ५:००, शेवटचा ४:५५. गर्दीच्या भरात पहिला ४:४० ला गेला की २० सेकंद गाठीशी बांधल्यासारखे वाटतात. पण त्या वेगाची बरीच ऊर्जा ऑक्सिजनशिवाय उभी राहते, स्नायूंत आम्लता साचते आणि तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला घड्याळात ५:२० दिसायला लागतात. युगांडाच्या जोशुआ चेपतेगेईने २०२० मध्ये व्हॅलेन्सियात १०,००० मीटर २६:११ मध्ये धावून विश्वविक्रम केला. त्याच्या दोन्ही अर्ध्या टप्प्यांत पाचेक सेकंदांचाच फरक होता आणि दुसरा टप्पा जलद होता.

प्रतिसाद १
ते उदाहरण इथे लागू पडत नाही. सपाट ट्रॅक, सुरुवातीला पेसर (ठरलेल्या वेगाने पुढे धावून साथ देणारे धावपटू), आतल्या कडेला वेग दाखवणारे दिवे! रस्त्यावर शेवटच्या किलोमीटरला चढ किंवा ऊन असलं तर तुमचा ४:५५ कुठून येणार? शिवाय सुटल्यावर शरीर ऑक्सिजन पूर्ण क्षमतेने घ्यायला वेळ लावतं. थोडं जोरात सुटलं तर तो वेळ कमी होतो. म्हणून ४:५४, मग ५:०३ चे तीन, शेवट ४:५७. बेरीज तीच, २५:००. ४:४० चं समर्थन मीही करणार नाही.

धागाकर्ता
ऑक्सिजनचा मुद्दा बरोबर, पण त्यासाठी वॉर्मअप आहे. १२ मिनिटं हळू जॉग, मग ८० मीटरचे ४ स्ट्राइड, म्हणजे हळूहळू वेग वाढवत मारलेल्या छोट्या धावा.

प्रतिसाद १
आणि मग बॅरिकेडच्या आत १५-२० मिनिटं ताटकळत उभं राहायचं? मोठ्या स्पर्धांत बहुतेकदा हेच होतं. तोवर अंग थंड पडतं.

प्रतिसाद २
तुम्ही दोघं पहिल्या किलोमीटरच्या ११ सेकंदांवर भांडताय. जीपीएस घड्याळातला चालू पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) उंच इमारतींमध्ये किंवा पुलाखाली त्याहून जास्त हलतो. ऑटो-लॅप, म्हणजे घड्याळाने आपोआप दर किलोमीटरची वेळ नोंदणं, बंद करा, किलोमीटरच्या फलकापाशी हाताने लॅप दाबा. मार्ग सर्वांत कमी अंतराच्या रेषेवर मोजलेला असतो; तुम्ही वळणं बाहेरून घेतली की घड्याळात ५.०८ भरतात. ५:०० च्या वेगाने ते जादा ८० मीटर म्हणजे २४ सेकंद. घड्याळाने इमानेइतबारे ५:०० दाखवूनही वेळ येते २५:२४. वळण दिसलं की आधीच आतल्या कडेला सरका, किंवा घड्याळात ४:५५ धरून चाला.

धागाकर्ता
हे शंभर टक्के पटलं. थंड पडलेल्या अंगाचंही मान्य, पण मग जोर पहिल्या २०० मीटरपुरता ठेवा, अख्ख्या किलोमीटरभर नको. तिथून पुढे श्वास बेतात यायला हवा.

प्रतिसाद ३
लक्ष्यच चुकलं असेल तर दोन्ही आराखडे फसतात. स्पर्धेच्या दहा दिवस आधी ट्रॅकवर १००० मीटरच्या ५ फेऱ्या ५:०० ने मारा, मध्ये २ मिनिटं हळू जॉग. आतल्या लेनमध्ये ४०० मीटरला बरोबर २:००. चौथी-पाचवी फेरी ५:०५ च्या पुढे गेली तर २५:३० धरा, म्हणजे ५:०६. चढावर १० सेकंद जाऊ द्या. उतारावर सगळे वसूल करायला गेलात तर मांड्या भरून येतात आणि सपाटीवर लय सापडत नाही.