शब्दचर्चा: ‘जळजळविरोधी’ गोळी आणि एन्झाइमचं क्रियापद

प्रश्न

सांधेदुखीच्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत आणतेय. त्यात अँटी-इन्फ्लमेटरी गोळ्या एन्झाइमच्या (मराठीत विकर, शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) क्रियेवर परिणाम करतात, असं एक वाक्य आहे. जुन्या मराठी प्रतीत ते असं छापलंय: ‘जळजळविरोधी औषधे विकरांवर प्रभाव टाकतात.’

‘जळजळ’ मला सोसत नाही, आणि त्याला कारण घरचंच आहे. माझ्या मावशीला गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक दिली होती. सोबतच्या कागदावर ‘जळजळ कमी करते’ असं लिहिलेलं. तिनं सरळ अर्थ घेतला: छातीत जळजळलं की ही गोळी. चार दिवस अनशापोटी घेतली. पाचव्या दिवशी शौचाला डांबरासारखी काळी झाली आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. मराठी माणूस ‘जळजळ’ म्हणतो तेव्हा त्याचा हात छातीवर जातो, गुडघ्यावर नाही.

तर इन्फ्लमेशनला म्हणावं काय? दाह, शोथ की सूज? आणि ‘प्रभाव टाकतात’ म्हणजे एन्झाइमचं ही औषधं नक्की करतात काय? मला नेमकं क्रियापद हवंय.

प्रतिसाद

ताई, फार्मसीच्या मुलांना शिकवतो, म्हणून क्रियापदापासून सुरुवात करतो. ‘अडवतात’ म्हणा. ‘प्रभाव टाकतात’मध्ये वाढवतात की कमी करतात हेच कळत नाही.

आपल्या पेशींच्या पापुद्र्यात ॲराकिडॉनिक आम्ल नावाचं मेदाम्ल असतं. इजा झाली की ते सुटं होतं. सायक्लोऑक्सिजनेज, म्हणजे कॉक्स, हे विकर त्याला पकडून त्यापासून प्रोस्टाग्लँडिनं नावाची द्रव्यं बनवायला घेतं. सूज, ठणका आणि ताप यांत या प्रोस्टाग्लँडिनांचा मोठा वाटा. ॲस्पिरिन बाजारात आली १८९९ साली, पण ती हे उत्पादनच थांबवते हे जॉन व्हेन यांनी दाखवलं १९७१ साली, गिनीपिगच्या फुप्फुसांवरच्या प्रयोगांतून. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणजे सत्तर वर्षं गोळी चालली, पण ती अडवते काय हे ठाऊक नव्हतं.

आता तुमच्या मावशींचं. कॉक्सचे दोन प्रकार आपल्या कामाचे. कॉक्स-१ जठरात सतत चालू असतं. त्याच्या प्रोस्टाग्लँडिनांमुळे जठराच्या अस्तरावर बुळबुळीत थर टिकतो, आम्ल आटोक्यात राहतं. कॉक्स-२ बहुतांशी इजा झाल्यावर बनतं. डायक्लोफिनॅक दोन्ही कॉक्सना अडवते. गुडघ्याला आराम पडतो, आणि त्याच वेळी जठराचं पांघरूण निघतं. जळजळीवर म्हणून घेतलेली गोळी जळजळ वाढवणारी होती. तो कागद नुसता भाषेनं वाईट नव्हता, धोक्याचा होता.

प्रतिसाद

मी वैद्य आहे. ‘दाह’ आमच्याकडे आग होणं या अर्थानं येतो: हातापायांचा दाह, डोळ्यांचा दाह. सूज असेलच असं नाही. ‘शोथ’ म्हणजे सूज. चरकसंहितेत सूज उतरवणाऱ्या औषधांचा ‘श्वयथुहर’ गण आहे आणि त्यात दशमुळंच आहेत. मराठी परिभाषेनं ‘शोथ’ उचलला तो योग्यच: संधिशोथ, मस्तिष्कावरणशोथ. पण रुग्णाच्या हातातल्या कागदावर ‘शोथ’ नको. माझ्या ओपीडीत तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. लोक म्हणतात सुजलंय, ठणकतंय, गरम लागतंय, लाल झालंय. रोमन लेखक सेल्सस यानं पहिल्या शतकात हीच चार लक्षणं सांगितली होती. तेव्हा ‘ठणका आणि सूज’ एवढंच लिहा, इन्फ्लमेशन त्यात आलं.

प्रतिसाद

मी लॅबमध्ये काम करते. एन्झाइमबद्दल एक गोंधळ रोज बघते, तो या पत्रकात नको. दुखण्याच्या गोळ्या बरेच दिवस घेतलेले लोक रिपोर्ट दाखवून विचारतात, “एन्झाइम वाढलेत, म्हणजे गोळीनं एन्झाइमची ताकद वाढवली का?” नाही. एसजीपीटी हे विकर यकृताच्या पेशींत असतं. पेशी दुखावल्या की ते रक्तात झिरपतं, आणि आम्ही ते रक्तात मोजतो. डायक्लोफिनॅकनं काहींच्या बाबतीत असं होतं. कॉक्स अडवलं जाणं वेगळं, एसजीपीटी रक्तात सांडणं वेगळं. दोन्हीकडे ‘एन्झाइमवर परिणाम’ लिहिलं तर वाचणारा दोन्ही एकच समजेल.

प्रश्नकर्ती

हे फार उपयोगी. ‘अडवतात’ घेतलं. पण मावशी हृदयासाठी ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनही घेते. घरात तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात. तीही कॉक्सच अडवते ना? मग दोन्हींसाठी एकच क्रियापद चालेल?

प्रतिसाद

(फार्मसीवाला) इथं मात्र दोन क्रियापदं लागतील, आणि त्यातच गंमत आहे. कॉक्सच्या आत एक चिंचोळा बोळ आहे. मेदाम्ल त्यातून आत जातं. आयब्युप्रोफेन ही दुखण्याची गोळी त्या बोळात येऊन उभी राहते आणि थोड्या वेळानं निघून जाते. ती अडवते. ॲस्पिरिन बोळाच्या भिंतीतल्या सेरीन या अमिनो आम्लाला आपला ॲसिटिल गट कायमचा चिकटवते. ती पाचर मारते. सुताराकडची पाचर बघा, ठोकली की हातानं निघत नाही.

रक्तपट्टिकांना (प्लेटलेट्सना) केंद्रक नसतं, म्हणून त्या नवं कॉक्स फारसं बनवू शकत नाहीत. पाचर बसली की ती रक्तपट्टिका मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तशीच. एवढ्याशा गोळीचं काम दिवसभर टिकतं ते यामुळे. रक्त पातळ बितळ काही होत नाही, रक्तपट्टिका एकमेकींना चिकटायच्या कमी होतात.

आणि आयब्युप्रोफेन आधीच बोळात उभी असेल तर ॲस्पिरिनला भिंत सापडत नाही, पाचर बसायची राहून जाते. ही सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००६ साली दिली होती. मावशींना सांगा, दुखण्याची कुठलीही गोळी ॲस्पिरिनसोबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

स्टिरॉइडं तिसऱ्याच क्रियापदाची. ती कॉक्स-२ मुळात कमी बनू देतात, आणि मेदाम्ल सुटं होणंही रोखतात.

प्रतिसाद

(वैद्य) कॉक्स-१ ला काहीजण ‘घरकाम करणारं विकर’ लिहितात, ते कानाला खटकतं. आपल्याकडे नित्य आणि नैमित्तिक ही जोडी तयार आहे. कॉक्स-१ नित्य, रोजचं. कॉक्स-२ नैमित्तिक, इजेचं निमित्त झालं की उभं राहणारं.

प्रतिसाद

(फार्मसीवाला) सुंदर! उद्याच वर्गात वापरतो. फक्त एक पुस्ती: मूत्रपिंडात आणि मेंदूत कॉक्स-२ एरवीही असतं. ‘फक्त नैमित्तिकालाच अडवू, जठर वाचेल’ या विचारानं सेलेकॉक्सिब, रोफेकॉक्सिब आल्या. जठराला त्रास कमी झाला, पण रोफेकॉक्सिबनं हृदयविकाराचा धोका वाढतो असं दिसल्यावर ती २००४ साली बाजारातून काढून घेतली. तेव्हा ‘नैमित्तिक’ला ‘बहुतांशी’ जोडा.

प्रश्नकर्ती

मजकूर असा केलाय:

‘ही गोळी सांध्याचा ठणका आणि सूज कमी करते. ठणका वाढवणारी द्रव्यं शरीरात कॉक्स नावाचं विकर (एन्झाइम) बनवतं. गोळी त्याला काही काळ अडवते. हेच विकर जठराच्या अस्तराचं रक्षणही करतं. म्हणून गोळी जेवणानंतर घ्या. छातीत किंवा पोटात जळजळ होत असेल तर ही गोळी घेऊ नका, डॉक्टरांना सांगा. शौचाला काळी झाली तर लगेच दवाखान्यात जा.’

‘जळजळ’ हा शब्द ठेवलाय, पण त्याच्या खऱ्या जागी. नित्य-नैमित्तिक डॉक्टरांच्या प्रतीत घालते, ‘बहुतांशी’सह. मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हे आधी लिहिलं असतं तर!” कुणाला काही बदल सुचत असेल तर परवापर्यंत कळवा, मग छपाईला जाईल.