कैसरसाठी लढलेले ज्यू सैनिक : तुम्ही काय पाहिलंत, काय ऐकलंत?

बर्लिनहून

बर्लिनला येऊन सहा वर्षं झाली. वाइसेनझेची ज्यू दफनभूमी घरापासून चालत दहा मिनिटांवर. आत जाताना पुरुषांनी डोकं झाकायचं असतं, म्हणून मी रुमाल बांधतो. पहिल्यांदा गेलो तो झाडीसाठी. फिरता फिरता एके ठिकाणी सारख्या घडणीचे बुटके दगड रांगेत लावलेले दिसले. वाचत गेलो तर मृत्यूची सालं १९१४ ते १९१८ मधली. हे सगळे कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, सैन्यातले ज्यू. तोवर माझ्या डोक्यात ज्यू आणि जर्मन सैनिक कायम समोरासमोरच उभे होते. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पहिल्या महायुद्धात सुमारे १ लाख ज्यू जर्मनीकडून लढले, त्यातले सुमारे १२,००० कामी आले. ऑक्टोबर १९१६ मध्ये, फ्रान्समध्ये वर्दूनच्या आणि सोमच्या लढायांत माणसं मरत असताना, प्रशिया या जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्याच्या युद्धमंत्र्यानं हुकूम काढला : सैन्यातले ज्यू मोजा, आघाडीवर किती आणि मागे किती ते कळवा. ज्यू अंग चोरतात अशी ओरड उठली होती. मोजणी झाली, पण युद्ध संपेपर्यंत आकडे बाहेर आले नाहीत. संशय तेवढा मागे उरला. मला ही मोजणी मरणापेक्षाही जास्त लागली.

कुणी अशी कबर पाहिली असेल, कुणाच्या तोंडून काही ऐकलं असेल, तर लिहा. पुस्तकातलं नको, स्वतःचं हवं.

साताऱ्याहून, सध्या मुक्काम लेकीकडे, ब्रसेल्स

मी मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली. लेक आणि जावई मला फ्रान्समध्ये नव शापेलचं भारतीय स्मारक दाखवायला घेऊन गेले. पहिल्या महायुद्धात तिकडे गेलेले आणि कबरसुद्धा न मिळालेले आपले ४,७०० च्या वर जवान तिथल्या भिंतीवर नावानं आहेत. परत येताना जावयानं गाडी नविल-सँ-वास्तच्या जर्मन दफनभूमीकडे वळवली. तिथे ४४,००० च्या वर माणसं पुरलेली आहेत. नजर जाईल तिथवर धातूचे क्रॉस, आणि क्रॉसच्याच रांगेत मधूनच एखादा दगड. त्यावर सहा टोकांची चांदणी आणि हिब्रू अक्षरं. दगडाच्या माथ्यावर कुणी तरी चार खडे ठेवलेले. ज्यू लोकांत फुलांऐवजी खडा ठेवतात, हे जावयानं सांगितलं. मीही वाटेतला एक उचलून ठेवला आणि सॅल्यूट केला. शत्रू असो, फौजीच तो.

मोजणीचं म्हणाल तर असे फॉर्म कोण भरतं ते मला ठाऊक आहे. कंपनीचा क्लार्क. जो रात्री त्याच जवानाशेजारी झोपलेला असतो, त्याच्या डब्यातलं खाल्लेलं असतं. सकाळी त्याचंच नाव वेगळ्या कागदावर घालायचं. पलटणीत एकदा असा कागद फिरला की एकमेकांवरचा भरवसा सुटतो. त्या भरवशावरच माणूस गोळीसमोर जातो हो.

पुण्याहून

शाळेत इंग्रजी शिकवते. दहावीला ॲन फ्रँक या नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीच्या रोजनिशीतला उतारा आहे. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, तिचे बाबा लपून का बसले? लढले का नाहीत?" मला काही सुचलं नाही. घरी येऊन वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं : ते लढले होते, जर्मनीकडून. ओटो फ्रँक पश्चिम आघाडीवर तोफखान्यात होते, १९१८ मध्ये लेफ्टनंट झाले. ऑगस्ट १९४४ मध्ये त्याच देशाच्या पोलिसांनी त्यांना बायको-मुलींसकट पकडून नेलं. वर्ग गप्प झाला. तो मुलगा तास संपल्यावर टेबलापाशी आला आणि नुसता उभा राहिला.

म्युनिकहून

माझ्या घरमालकीणबाईंचे वडील दुसऱ्या महायुद्धातले. त्यांची आई ज्यू, वडील ख्रिश्चन. पूर्ण ज्यूंना हिटलरच्या सैन्यात घेत नसत, पण अशा 'अर्ध्यां'ना सुरुवातीला भरती केलं. ते पोलंडला लढले. एप्रिल १९४० च्या हुकमानं अशांना काढायला सुरुवात झाली, त्यात तेही घरी आले. १९४४ मध्ये सक्तीच्या मजुरीला नेले. बाई म्हणाल्या, "आधी गणवेश घालून आईला भेटायला यायचे तेव्हा शेजारी त्यांना नमस्कार करायचे, आईला करत नसत." एवढंच बोलल्या, मग कॉफी ओतायला उठल्या.

नहारिया, इस्राएलहून

मी अलिबागकडची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. वृद्धांच्या घरात नर्स होते. आमच्याकडे जर्मनीहून आलेल्यांना 'येक्के' म्हणतात; हे गाव त्यांनीच वसवलं. त्यांच्यातल्या एका आजींना मी सात वर्षं अंघोळ घातली.

एकदा खणातून मोजे काढताना गुंडाळलेला रुमाल हाताला लागला. आत लोखंडी क्रॉस. काळा, कडेला चांदीची किनार, मध्ये कैसरचं आद्याक्षर, वर मुकुट, खाली १९१४. उलट्या बाजूला ओकची पानं आणि १८१३. रिबिनीचा पांढरा भाग पिवळा पडला होता. "पापांचा," त्या म्हणाल्या.

१ एप्रिल १९३३ ला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला, तेव्हा हाच क्रॉस छातीला लावून पापा स्वतःच्या दुकानाच्या दारात दिवसभर उभे राहिले. बाजूला नाझींच्या तपकिरी शर्टातला पोरगा पहाऱ्याला. आजी तेव्हा दहा वर्षांच्या होत्या, वरच्या खिडकीतून बघत होत्या. पापा म्हणायचे, आघाडीवर लढलेल्याला कोण हात लावील? काका न्यायाधीश, ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणाऱ्या १९३३ च्या कायद्यातून माजी सैनिक म्हणून वाचले, १९३५ अखेर तेही घरी बसले. त्याआधी पापांना युद्धसेवेचा आणखी एक क्रॉस मिळाला होता, हिटलरच्या नावानं दिलेल्या प्रमाणपत्रासकट. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्याच पापांना डाखाऊच्या छळछावणीत नेलं. आघाडीचे सैनिक म्हणून इतरांच्या आधी सोडलं, आणि १९३९ मध्ये सगळे इकडे आले. काका आले नाहीत. पदकवाल्यांना तेरेझिनच्या छावणीत पाठवत, तिथून पुढे ऑशविट्झच्या मृत्युछावणीत.

माझ्या पणजोबांचंही मुंबईच्या पलटणीतलं मेडल होतं. आई दरवर्षी ते चिंचेनं घासायची आणि काचेच्या कपाटात ठेवायची. गावात आम्हाला 'शनवार तेली' म्हणत, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, पण ते मेडल आम्हाला कधी कुणाला पुरावा म्हणून दाखवावं लागलं नाही. आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

साताऱ्याहून

ताई, त्या क्रॉसचं पुढे काय झालं?

नहारियाहून

काका, आजी २०११ मध्ये गेल्या. मुलगा क्रॉस संग्रहालयाला देणार होता. आजींनी आधीच सांगून ठेवलं होतं, कुठे द्यायचा नाही, घरात ठेवायचाही नाही, पापांच्या कबरीत पुरायचा. हैफाला त्यांची कबर आहे. आम्ही चौघं गेलो, दगडाच्या कडेला वीतभर खणलं आणि त्याच रुमालात बांधून ठेवला.